नाही म्हणताय तर लेखी द्या

“आलीच हायस तर झाडून जा. केरसुणी दाराआड हाय.”

ग्रामपंचायतीच्या ऑफिसात बापू मला असं म्हणाला. माझा अर्ज त्याच्यापुढं टेबलावर होता. त्यानं तो वाचला नव्हता. त्याच्यावर चहाची बशी ठेवली होती.

मला मिरची कांडपाचं यंत्र टाकायचं होतं. त्याला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. तो मागायला मी गेले होते. धुतलेलं पातळ नेसून, डोक्यावरनं पदर घेऊन.

खुर्च्यांवर गावातली माणसं बसलेली. सगळी बागायतवाली. एक जण म्हणाला, “बापू, आता हिच्या हातचं तिखट खायाचं का आपण?” दुसरा म्हणाला, “केरसुण्या वळायच्या सोडून मसाला कांडाया लागली व्हय ही?” सगळे हसले. ग्रामसेवकही हसला. तो पगार सरकारचा घेत होता, पण हसायचं कधी ते बापूच्या तोंडाकडं बघून ठरवत होता.

आणि मी झाडलं.

खुर्चीवरच्या एकानंही पाय उचलला नाही. त्यांच्या पायांमधनं, बुटांच्या भोवतीनं मी वाकून झाडलं. कचरा भरला. उकिरड्यावर टाकून आले. मग म्हणाले, “बापू, माझा अर्ज?”

“राहू दे. चुलीला व्हईल.”

तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायची. आता करत नाही.

बापू सरपंच नव्हता. सरपंच त्याची बायको होती. गावची जागा बाईसाठी राखीव पडली, म्हणून त्यानं बायकोला उभं केलं, निवडून आणलं आणि परत चुलीपुढं बसवलं. शिक्का बापूच्या खिशात. सह्या घरी, पोळपाटावर. खुर्चीत बापू. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडं गावोगावी अशाच सरपंचबाया होत्या.

आमचं गाव दौंड तालुक्यातलं. कुरकुंभच्या कारखान्यांची चिमणी आमच्या अंगणातनं दिसते. वस्ती ओढ्याच्या पलीकडं. गाव तिला मांगवाडा म्हणतं. मीही म्हणते, त्यात लपवायचं काय?

माझा नवरा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. शिफ्टवर जायचा. एक दिवस कसलीशी वाफ त्याच्या छातीत गेली. ठेकेदारानं त्याला रिक्षात घातला आणि आमच्या दारात आणून सोडला. मी कंपनीच्या गेटवर गेले. भरपाई मागितली. गेटवरच्या साहेबानं विचारलं, “हजेरीत नाव आहे का?” नव्हतं. ठेकेदारानं कधी लावलंच नव्हतं. साहेब म्हणाला, “मग तो इथं कामाला नव्हताच.”

वर्षानुवर्षं ज्या गेटमधनं तो आत गेला, त्या गेटवर तो कधी नव्हताच. घरी येऊन मी हे त्याला सांगितलं. तो खोकत खोकत हसला. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

माझं माहेर शिरूरचं. लग्नाआधी मी तिथं एका मसाल्याच्या कांडपात मिरचीचे देठ खुडायला जायची. कुठली मिरची रंगाला, कुठली तिखटाला, धने किती भाजायचे, हे सगळं तिथं शिकले. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा मला तेवढंच येत होतं. भावाच्या ओळखीनं शिरूरचंच एक जुनं कांडप यंत्र मिळालं.

बापूनं दाखला दिला नाही. मी परत गेले. परत हाकलली. तिसऱ्यांदा ग्रामसेवकच दारात आडवा आला. म्हणाला, “बाई, कशाला स्वतःचा आन् आमचा ताप वाढवताय?” दाखल्याशिवाय दुकानासाठी विजेचं कनेक्शन मिळेना. मग मी डिझेल इंजिन आणलं. रस्त्याकडंला, आमच्याच जागेत, पत्र्याचं शेड मारलं. दाखला नाही, परवाना नाही. इंजिनाचा हँडल मारला आणि धंदा सुरू केला.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी धनगरवाड्यावरची हौसाबाई आली. तिचे सासू-सासरे मेंढरांमागं फिरले, ती आता स्वतःच्या रानात कांदा करायची. तिनं मिरचीचं पोतं माझ्यापुढं आदळलं.

मी म्हणाले, “मावशी, गाव काय म्हणंल?”

“गाव माझ्या घरी भाकरी थापाया येतंय का? घाल यंत्रात.”

हौसाबाईमागनं धनगरवाडा आला. मग कुरकुंभच्या कामगारांच्या खोल्यांतनं बायका आल्या, बिहारच्या, सोलापूरच्या, कुठल्या कुठल्या. त्यांना मिरचीशी मतलब. एका कारखान्याच्या कँटीनचा ठेकेदार आला, मसाल्याची चव घेतली आणि म्हणाला, “माल चांगला आहे. पण मला पक्कं बिल लागतं. विक्रीकराचा नंबर छापलेलं. कच्च्या चिठ्ठीवर कंपनी पैसे देत नाही.”

विक्रीकराचा नंबर. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, कर हे मोठ्या माणसांचं दुखणं. मी दौंडला एका कर सल्लागाराकडं गेले. तो म्हणाला, “नंबर मिळेल. पण आधी धंदा कुठं आहे, कुणाचा आहे, त्याचा पुरावा आणा. ग्रामपंचायतीचा दाखला आणा.”

फिरून गाडी बापूच्या दारात.

ही बातमी बापूपर्यंत गेली. कँटीनला माल पुरवायचं काम त्याच्याच दुकानाकडं होतं. तो मोटारसायकलवर माझ्या शेडपाशी आला. खाली उतरला नाही.

“असं कर,” तो म्हणाला. “मसाला तू करायचा. बिल माझ्या दुकानाचं. पाकिटावर नाव माझं. तुला रोजानं देतो.”

“धंदा माझा हाय, बापू. नाव माझंच लागंल.”

तो हसला. “तुझं नाव वाचून कोण खाईल का? उलटी व्हईल माणसाला.”

मी इंजिनाचा हँडल उचलला आणि इंजिन सुरू केलं. त्या आवाजात तो अजून काही बोलला. मला ऐकू आलं नाही. ऐकायचं नव्हतं.

बाजारच्या दिवशी दुपारी ते आले. बापूचा पुतण्या रणजित आणि त्याच्याबरोबर फिरणारी तीन पोरं. पहार घेऊन. शेडमध्ये मी आणि हौसाबाई दोघीच होतो. रणजितनं काही विचारलं नाही. पहिला घाव यंत्राच्या तोंडावर घातला. दुसरा इंजिनावर. डिझेलची टाकी फुटली, जमिनीवर डिझेल पसरलं. पोरांनी पत्रे ओढून काढले. पोती फाडली. मी रणजितच्या अंगावर धावले. त्यानं माझा बुचडा धरला. केस मुळापासून उपटल्यासारखे झाले. ताज्या तिखटाचा टब तिथंच होता. त्यानं माझं तोंड त्या टबात दाबलं.

हे मी सांगते, पण हे सांगता येत नाही.

डोळे उघडे होते माझे. मी श्वास घेतला तर तिखट आत गेलं. नाकात, घशात, छातीत. आग बाहेर नव्हती, आत होती. मी ओरडायला तोंड उघडलं तर तोंडही भरलं. त्यानं मला वर काढलं आणि परत दाबलं. वर म्हणाला, “घे. तुझाच माल हाय. चव सांग.”

पोरं हसत होती. मला त्यांच्या हसण्याचे आवाज वेगवेगळे ओळखता येत होते.

त्याचा हात माझ्या तोंडाजवळ आला. मी चावले. बोट दाताखाली आलं, मी सोडलं नाही. हाडाला दात लागले ते मला कळलं. तो किंचाळला. त्यानं दुसऱ्या हातानं माझ्या कानशिलावर ठोसे मारले, तरी मी सोडलं नाही. शेवटी माझ्या पाठीत पहारीचा दांडा बसला तेव्हा जबडा उघडला. त्याचं रक्त माझ्या तोंडात होतं. आजही मला त्याची किळस येत नाही.

हौसाबाई रस्त्यावर उभी राहून बोंब मारत होती, “मारली रं, बाईला मारली!” बाजाराला जाणारी माणसं थांबत होती, बघत होती, पुढं जात होती.

तिनं माझ्या डोळ्यांत हंड्यानं पाणी ओतलं. मला हाताला धरून पोलीस चौकीत नेलं. मला दिसत नव्हतं. डोळे सुजून बंद झाले होते. त्यामुळं चौकीत काय घडलं ते मी बघितलेलं नाही. मी ते फक्त ऐकलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हवालदाराचा आवाज.

“काय फोडलं म्हणतेस?”

“माझं दुकान.”

“दुकानाचा परवाना दाखव.”

“न्हाई मिळाला. बापू दाखला देत न्हाई.”

“ग्रामपंचायतीत नोंद?”

“न्हाई.”

“मग दुकान कुठलं? जे दुकान कागदावर न्हाईच, ते फोडलं कसं?” तिथं कोणीतरी हसलं. “उलट बेकायदा धंदा केला, डिझेलचा साठा केला म्हणून तुझ्यावरच केस व्हईल. घरी जा. डोळं धू.”

हौसाबाई म्हणाली, “आवं, मी बघितलंय. रणजितनं तिचं तोंड दाबलं.”

“तू गप. तुझं रान बापूच्या पाटाच्या पाण्यावर हाय ना?”

हौसाबाईचा हात माझ्या दंडावर होता. तो तिनं काढला नाही.

चौकीच्या पायरीवर मी बसले आणि मला कंपनीच्या गेटवरचा तो साहेब आठवला. नवरा तिथं कामाला नव्हताच. माझं दुकान नव्हतंच. आमची वस्ती, आमचे हात, आमचं मरण, सगळं नव्हतंच. त्यांना आम्हाला मारायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं लिहायचं नाही, एवढं केलं की झालं. मारहाण तर मी लिहून घ्यायला गेले म्हणून झाली.

पहारीच्या घावाहून हे मला जास्त लागलं. अंगातलं सगळं रक्त डोक्यात आलं. मी ठरवलं, आता ह्यांच्या कागदावर मी येणार. ह्यांच्याच हातानं, ह्यांच्याच शिक्क्यानं.

दौंडच्या सरकारी दवाखान्यात माझा उजवा डोळा वाचला. डावा गेला. बुबुळाला जखम झाली, तिच्यात पू झाला, आणि मग उजेड येईना.

पट्टी निघाल्यावर मी पंचायत समितीत गेले. तिथल्या कारकुनाला सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, “दाखला देत नाहीत ना? मग नाही असं लेखी आणा. कारण लिहून, सही-शिक्क्यानिशी. त्याच्यावर अपील करता येतं. तोंडी नाहीवर काही करता येत नाही.” त्यानं ते सहज सांगितलं, कामाच्या घाईत. मी मात्र तिथनं उठले ती ताठ.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. झेंडावंदन होतं म्हणून सरपंचबाईला त्या दिवशी खुर्चीत बसावंच लागलं. बापू शेजारी बसला होता. रणजित मागं उभा, बोटाला अजून पट्टी. आमच्या वस्तीतल्या बाया माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या नेहमी जमिनीवर, कडेला बसायच्या. त्या दिवशी मी त्यांना मधोमध बसवलं.

ग्रामसेवकानं विषय वाचायला सुरुवात केली. मी उभी राहिले.

“माझा ना हरकत दाखल्याचा अर्ज हाय. त्याचं काय केलं?”

बापू म्हणाला, “नामंजूर. बस खाली.”

“नामंजूर तर लेखी द्या. का नामंजूर, ते कारण लिवा. खाली सही करा.”

बापू उठला. माझ्यापर्यंत चालत आला आणि सगळ्या गावासमोर, झेंड्याखाली, माझ्या मुस्काटात मारली. मी पडले. ओठ फाटला. उठले. रक्त थुंकले.

“लेखी द्या,” मी म्हणाले.

त्याचा हात परत उठला. माझ्या डाव्या बाजूनं आला, तिकडं मला दिसत नव्हतं. पण मला त्याचा श्वास ऐकू आला. मी त्याचं मनगट धरलं. उजव्या हातानं त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात जेवढी मिरची कांडली, तेवढ्या जोरानं. त्याची टोपी मातीत पडली. तो सावरायच्या आत दुसरी मारली.

रणजित धावला. तोच आमच्या बाया उठल्या. सगळ्या एकदम उठल्या. कोणाच्या हातात काही नव्हतं. तरी तो थांबला. आणि मागनं हौसाबाईचा आवाज आला, “आता हात लाव तिला! म्या बघितलंय, सगळं बघितलंय! पाणी तोड माझं, कोर्टात जाऊन सांगीन!”

मी बापूकडं बघितलंही नाही. सरपंचबाईपुढं गेले. तिचं वय माझ्याएवढंच असेल. तिच्या हातात पेन होतं, ते तिनं लाठीसारखं घट्ट धरलं होतं.

“बाई, खुर्ची तुमची हाय,” मी म्हणाले. “न्हाई म्हणायचं असंल तर म्हणा. पण लिवून म्हणा.”

तिनं कागद पुढं ओढला. नवऱ्याकडं बघितलं. मोठ्यानं विचारलं, “कारण काय लिवू?”

कोण काय सांगणार? हिचा हात लागलेलं तिखट आम्हाला चालत नाही, असं लिहा म्हणणार? तोंडानं म्हणता येतं. खुर्चीत बसून हसता येतं. कागदावर उतरलं की तो गुन्हा होतो, हे ग्रामसेवकाला पक्कं माहीत होतं. तो खाली बघत होता.

“कारण काय लिवू, सांगा की,” ती परत म्हणाली.

बापू टोपी उचलून झटकत होता. मग तिनं लिहिलं. हरकत नाही. सही केली. बापूपुढं हात पसरला आणि म्हणाली, “शिक्का द्या.”

ती सही तिनं का केली ते मला माहीत नाही. त्यानंतर घरी तिनं काय सोसलं, तेही नाही. पुढं कधी समोरासमोर आलो तर ती मान वळवते. मीही तिला विचारलेलं नाही.

दाखल्यामागनं बाकीचं आलं. एकदम नाही, खेटे घालून. विजेचं कनेक्शन आलं. तराजू-मापांवर वजनमापेवाल्यांचा शिक्का झाला. मसाल्यासाठी अन्न खात्याचा परवाना. विक्रीकराचा नंबर. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी विचारलं, “मालक कोण?” प्रत्येक ठिकाणी मी म्हणाले, “मीच.” कोणी माझ्या डोळ्याकडं बघितलं, कोणी आडनावाकडं. मी रिटर्न भरायला शिकले. व्हॅट आला तेव्हा परत नव्यानं शिकले. कर भरते. फुशारकी म्हणून सांगत नाही. पण त्या चलनावर सरकारला माझं नाव लिहावं लागतं. पुसता येत नाही.

ॲट्रॉसिटीची केसही नोंदवून घेतली, पोलिसांच्या वरच्या साहेबाच्या ऑफिसपुढं आमच्या बाया बसून राहिल्या तेव्हा. पुण्याच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. हौसाबाईचं पाणी त्यांनी तोडलं. तिचा कांदा उभ्यानं वाळला. तरी ती साक्षीला आली. बाजारच्या रस्त्यावरनं बघत गेलेल्यांपैकी दुसरं कोणी आलं नाही.

मधल्या काळात नवरा गेला. त्याची छाती शेवटपर्यंत सुधारली नाही.

बापू म्हातारा झाला. रणजित सरपंच झाला, आणि निकाल जवळ आला तसा एक दिवस तो दुकानात आला. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी. मला म्हणाला, “अक्का.” पहिल्यांदाच म्हणाला. स्टुलावर बसला. माझ्या नावाचं मसाल्याचं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“अक्का, झालं गेलं सोडा. केस मागं घ्या. आन् ह्या पाकिटावरचं आडनाव तेवढं काढा. नुसतं घरगुती मसाला लिवा. कुरकुंभची सगळी कँटीनं तुम्हाला देतो. गावबी घेईल. माझ्या सोसायटीच्या दुकानात ठेवतो.”

कँटीनच्या ठेकेदारानंही मला तेच सांगितलं होतं. आडनाव वाचून कोणीतरी तक्रार केली म्हणाला. ऑर्डर बंद केली. शेडमध्ये खोकी छतापर्यंत रचलेली होती, कामाला आलेल्या बाया हात बांधून बसल्या होत्या आणि रणजित माझ्या उत्तराची वाट बघत होता.

मी त्याच्या हातातनं पाकीट घेतलं.

“पाकिटावर माल बनवणाऱ्याचं नाव छापावं लागतं,” मी म्हणाले. “कायदा हाय तो. मी कायदा मोडत न्हाई. आन् केस मागं घेणार न्हाई.”

“हरलात तर?”

“वरच्या कोर्टात जाईन.”

“आन् हा माल? सडंल सगळा.”

“सडू दे. नाव निघणार न्हाई.”

तो उठला. त्याच्या बोटावरचा दातांचा व्रण मला दिसला. मी त्याच्याकडं बघत राहिले, तो दारातनं बाहेर पडेपर्यंत. मग बायांना म्हणाले, उठा, खोकी गाडीत भरा, आज शिरूरचा बाजार आहे. दुकान दुकान फिरू. जो नाही म्हणेल, त्याला तोंडावर विचारू, का नाही. आणि उद्या परत जाऊ.